पोर्टलंड मॅव्हरिक्स: पाच मोसम जगलेला स्वतंत्र क्लब

१९७७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात बेसबॉलच्या खालच्या पायरीवर खेळणाऱ्या एका क्लबने सव्वा लाखाच्या आसपास प्रेक्षक मैदानावर आणले. त्या मोसमात मॅव्हरिक्सने ४४ सामने जिंकले आणि २२ गमावले. पुढच्या वर्षी मात्र हा क्लब मैदानात उतरलाच नाही. तिकिटं खपत होती, खेळाडू मिळत होते, गाव क्लबवर खूश होतं. तरीही तो संपला. तो का संपला हे कळायला त्याच्याही पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

एकेकाळी अमेरिकेतल्या छोट्या शहरांचे बेसबॉल क्लब स्वतःच्या हिमतीवर चालत. स्थानिक मालक, स्थानिक तिकीटविक्री, आणि एखादा पोरगा चमकला की त्याला मोठ्या क्लबला विकून येणारे पैसे. १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकीने हे गणित बदललं. खेळाडू विकत घेण्याऐवजी त्याने छोटे क्लबच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. तिथे आपलेच खेळाडू तयार करायचे आणि लायक झाले की वर बोलवायचे. याला ‘फार्म सिस्टीम’ म्हणतात. उद्या आयपीएलच्या मालकांनी मुंबईच्या कांगा लीगमधले सगळे क्लब ताब्यात घेतले, तर रविवारी कोण खेळणार हे क्लबचा सेक्रेटरी ठरवणार नाही. नेमकं तसंच तिथे झालं. इतर मोठ्या क्लबांनी रिकीचा कित्ता गिरवला. पुढे टीव्ही आला, १९४९ मध्ये ५९ वर गेलेल्या मायनर (म्हणजे सर्वांत वरच्या मेजर लीगच्या खालच्या) लीगची संख्या झपाट्याने घसरली, आणि जे छोटे क्लब तगले ते बहुतेक मोठ्यांच्या पैशावरच तगले. खेळाडूंचा पगार मोठा क्लब देतो, त्यामुळे खेळाडू त्याचा. गावातला संघ विजेतेपदाच्या लढतीत असला तरी ऐन ऑगस्टमध्ये त्याचा सर्वांत चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, वर उचलला जातो. १९७० च्या सुमाराला कुणाशीही न बांधलेले क्लब बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

पोर्टलंडला बेसबॉल नवा नव्हता. पॅसिफिक कोस्ट लीग सुरू झाली १९०३ मध्ये, तेव्हाच हे शहर तिच्यात होतं. ही लीग मायनरमधल्या सर्वांत वरच्या, ‘ट्रिपल ए’ दर्जाची. पण प्रेक्षक आटले आणि १९७२ च्या मोसमानंतर पोर्टलंड बीव्हर्स हा क्लब स्पोकेनला गेला. शहराच्या मधोमध असलेलं भलंमोठं सिव्हिक स्टेडियम रिकामं पडलं. इथे आता बेसबॉल चालत नाही, असंच सगळे धरून चालले होते.

त्या रिकाम्या मैदानावर बिंग रसेलची नजर गेली. ‘बोनान्झा’ या टीव्ही मालिकेत डेप्युटी क्लेमचं काम करणारा हा नट, आणि पुढे हॉलिवूडचा मोठा स्टार झालेल्या कर्ट रसेलचा बाप. त्याचं बालपण फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, न्यू यॉर्क यांकीजच्या सराव शिबिरांत खेळाडूंच्या मागे फिरण्यात गेलं होतं, आणि खेळाचं ते वेड शेवटपर्यंत टिकलं. नॉर्थवेस्ट लीग ही तेव्हा खालच्या ‘ए’ दर्जाची, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालणारी छोटी लीग. तिच्यातली पोर्टलंडची जागा त्याने ५०० डॉलरना घेतली. कुठल्याही मोठ्या क्लबशी करार केला नाही.

करार नाही म्हणजे खेळाडूही नाहीत. रसेलने खुली निवड चाचणी जाहीर केली आणि देशभरातून माणसं आली. दुसऱ्या क्लबांनी काढून टाकलेले, वय झालं म्हणून बाजूला सारलेले, दाढी आणि लांब केस वाढवल्यामुळे शिस्तीच्या क्लबांना नको असलेले, कुणी कधीच निवडलं नव्हतं असे. पगार महिन्याला तीनचारशे डॉलर. मला मॅव्हरिक्सच्या इतिहासातला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. फार्म सिस्टीममध्ये तिशीच्या खेळाडूला जागाच नसते, कारण तो वर जाणार नसतो. इथे मात्र आजचा सामना जिंकून देऊ शकतोस का, एवढाच सवाल होता. ज्यांचा खेळ संपला असं दुसऱ्या कुणीतरी परस्पर ठरवलं होतं, त्यांना तो पुन्हा खेळायला मिळाला.

१९७३ मधल्या पहिल्याच सामन्यात जीन लँथॉर्न या पिचरने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट, म्हणजे बेसवर पोहोचवणारा फटका, दिला नाही. मोसमाअखेर ४५ विजय, ३५ पराभव. मॅव्हरिक्सने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला आणि पुढेही बहुतेक वर्षी मिळवला. लीगचं विजेतेपद मात्र एकदाही हाती लागलं नाही. मोठ्या क्लबांच्या पगारी, विशीच्या पोरांविरुद्ध ही मंडळी मन लावून खेळायची आणि ते स्टँडमध्ये बसलेल्याला दिसायचं. मैदानावर मजाही असायची. १९७४ मध्ये मॅनेजर फ्रँक पीटर्सने एका सामन्यात दर इनिंगला सगळ्या खेळाडूंच्या जागा फिरवल्या. प्रत्येकजण नऊच्या नऊ जागांवर खेळला आणि सामना जिंकलाही. प्रतिस्पर्ध्याला मालिकेत सफाचट केलं की जो गार्झा हा खेळाडू पेटता झाडू घेऊन नाचायचा. कार्यालयातही रसेलने चाकोरी मोडली. लॅनी मॉस या बाईंना त्याने जनरल मॅनेजर केलं, तेव्हा व्यावसायिक बेसबॉलमध्ये त्या पदावर बाई बसणं जवळपास अशक्य मानलं जाई. नंतर जॉन योशिवारा हा आशियाई वंशाचा तरुण त्याच पदावर आला.

जिम बाउटनची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. हा यांकीजचा एकेकाळचा नावाजलेला पिचर. १९६४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, त्याने दोन सामने जिंकले होते. १९७० मध्ये त्याने खेळाडूंच्या खासगी जगाची लक्तरं वेशीवर टांगणारं पुस्तक लिहिलं आणि बेसबॉलच्या बड्या मंडळींचा रोष ओढवून घेतला. त्याला पुन्हा चेंडू हातात घ्यायचा होता आणि १९७५ मध्ये मॅव्हरिक्सने त्याला तो दिला. १९७७ मध्ये तो परत आला. १९७८ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो अटलांटा ब्रेव्ह्जकडून मेजर लीगमध्ये खेळला आणि एक सामना जिंकला. आठ वर्षांनी असं परतणं फार थोड्यांच्या नशिबी येतं.

१९७७ च्या त्याच मोसमात, पिचर मंडळी आपली पाळी येईपर्यंत बसतात त्या बाकावर, बाउटन आणि डावखुरा पिचर रॉब नेल्सन गप्पा मारत होते. आजूबाजूचे बहुतेक खेळाडू तंबाखू चघळून पिंका टाकत होते. नेल्सनला तंबाखूचा तिटकारा. तो म्हणाला, बबलगम बारीक किसून तंबाखूसारखी पुडीत भरली तर? दिसायला तसंच, पण त्रास काही नाही. बाउटनने कल्पना उचलून धरली आणि पैसे घातले. पहिला घाणा निघाला तो संघाचा बॅट बॉय टॉड फील्ड याच्या घरच्या स्वयंपाकघरात. हा पोरगा पुढे नावाजलेला चित्रपट दिग्दर्शक झाला. १९८० मध्ये रिगली कंपनीच्या एका उपकंपनीने ती पुडी ‘बिग लीग च्यू’ या नावाने बाजारात आणली. अमेरिकेतल्या मैदानांवर पोरं ती आजही चघळतात.

क्लबचा शेवट आला तो वरच्या पायऱ्यांवरच्या हालचालींमुळे. १९७७ मध्ये सिअ‍ॅटल आणि टोरांटो इथे नवे क्लब निघाले आणि मेजर लीगमधल्या क्लबांची संख्या २४ वरून २६ झाली. प्रत्येकाला खाली एक ट्रिपल ए क्लब लागतो. त्यामुळे १९७८ साठी पॅसिफिक कोस्ट लीगला आणखी दोन शहरं हवी होती. त्यातलं एक व्हँकूव्हर, दुसरं पोर्टलंड. पाच वर्षांपूर्वी प्रेक्षक नाहीत म्हणून सोडलेलं शहर आता भरलेल्या स्टँडमुळे पुन्हा हवंसं वाटू लागलं. मायनर लीगच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे वरच्या दर्जाची लीग खालच्या लीगचं गाव घेऊ शकत असे. अट एकच, भरपाई द्यायची. गाव ज्याने उभं केलं त्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क नव्हता. मला हा नियम उघड अन्यायाचा वाटतो. मॅव्हरिक्स हरला असता, तोट्यात गेला असता, तर कुणी त्याच्या वाटेला गेलंही नसतं.

रसेलला अडवता आलं नाही, पण किंमत मागता आली. पॅसिफिक कोस्ट लीगने २६,००० डॉलर देऊ केले. त्याने २,०६,००० मागितले. वाद लवादापुढे गेला आणि लवादाने मागितली तेवढी रक्कम मंजूर केली. मायनर लीगमध्ये एका गावाच्या हक्कासाठी तोवर एवढी रक्कम कुणाला मिळाली नव्हती. ५०० डॉलरच्या जागेची पाच मोसमांत झालेली ती अधिकृत किंमत. रसेलने मात्र त्या पैशांतून दुसरा क्लब काढला नाही. २००३ मध्ये तो वारला. त्याच्या नातवांनी २०१४ मध्ये या क्लबवर माहितीपट काढला आणि मॅव्हरिक्सचं नाव पुन्हा लोकांपर्यंत पोहोचलं.

बीव्हर्स १९७८ मध्ये परतले आणि १९९३ नंतर पुन्हा शहर सोडून गेले. २००१ मध्ये त्याच नावाचा क्लब आला, २०१० नंतर तोही गेला. सिव्हिक स्टेडियममध्ये आता फुटबॉल चालतो. स्वतंत्र बेसबॉल मात्र मेला नाही. १९९३ मध्ये नॉर्दर्न लीग आणि फ्रंटियर लीग या पूर्णपणे स्वतंत्र क्लबांच्या लीग सुरू झाल्या आणि मोठ्या क्लबांच्या छत्राबाहेरही व्यावसायिक खेळ चालू शकतो हे पुन्हा दिसलं. २०२१ च्या मोसमाआधी मेजर लीगने मायनरची फेररचना करून संलग्न क्लब १६० वरून १२० वर आणले. ज्यांना वगळलं त्यांत ऑरेगनमधला सेलम-कायझर व्होल्केनोज हा क्लब होता. त्याच्या मालकांनी मैदान बंद न करता तिथेच चार संघांची स्वतंत्र लीग काढली. लीगला नाव दिलं मॅव्हरिक्स लीग, आणि चारातल्या एका संघाचं नाव ठेवलं पोर्टलंड मॅव्हरिक्स. हा संघ खेळू लागला ते मैदान पोर्टलंडपासून सुमारे ७० किलोमीटर दक्षिणेला, कायझर गावात आहे.