बेपत्ता व्यक्तीचा फोन आणि ऑनलाइन तर्कवितर्क

एखादी व्यक्ती बेपत्ता झाली की तिच्या मोबाइलच्या नोंदींवरून तपासाबाहेरचे लोक इंटरनेटवर अंदाज बांधू लागतात. शेवटचे टॉवर लोकेशन, कॉलची यादी, न पोहोचलेला मेसेज, ‘लास्ट सीन’ची वेळ, फोन बंद झाल्याचा क्षण हा या अंदाजांचा कच्चा माल. माणूस घरी आला नाही हे लक्षात आल्यावर घरचे सर्वांत आधी फोन लावतात. त्यामुळे तपासातले बाकी काही बाहेर येण्याच्या कितीतरी आधी फोनची हकिकत नातेवाइकांच्या तोंडून बाहेर पडते: ‘रिंग जात होती, उचलला नाही’, मग ‘नॉट रिचेबल’, मग ‘स्विच ऑफ’. एवढ्या तीन वाक्यांवर हजारो अनोळखी माणसे आपापली कथा उभी करतात.

या चर्चेत एक गोष्ट सतत निसटते. फोनची नोंद हँडसेटविषयी असते, माणसाविषयी नसते. फोन मालकाच्या हातात होता, दुसऱ्याच्या खिशात होता की गवतात पडला होता, हे टॉवरला कळत नाही.

टॉवरला काय कळते

नुसता चालू असलेला, वापरात नसलेला फोन प्रत्येक क्षणी आपला पत्ता कळवत नाही. तो अनेक टॉवर मिळून झालेल्या एका मोठ्या पट्ट्यात आहे, एवढेच नेटवर्कला ठाऊक असते. कॉल, एसएमएस किंवा डेटाची देवाणघेवाण झाली की नेमक्या सेलची, म्हणजे टॉवरवरच्या एका अँटेनाच्या हद्दीची, नोंद होते. एका टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२० अंशांचा पंखा येतो. दाट वस्तीत हा पंखा काहीशे मीटरचा असू शकतो, तर मोकळ्या मुलखात कित्येक किलोमीटरचा. जुन्या जीएसएम (२जी) तंत्रात त्याची नेहमीची कमाल मर्यादा ३५ किलोमीटर होती. शिवाय फोन सर्वांत जवळच्या टॉवरलाच जोडला जाईल असेही नाही. मध्ये टेकडी आली, समोर पाण्याचा सपाट पृष्ठभाग असला किंवा जवळचा टॉवर गर्दीने भरला असला की लांबचा टॉवर फोन उचलतो. ‘शेवटचे लोकेशन अमुक टॉवर’ ही बातमी वाचून नकाशावर त्या टॉवरपाशी टाचणी टोचणे ही म्हणूनच पहिली आणि सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. माणूस टॉवरखाली उभा नव्हता, तो त्या पंख्यात कुठेतरी होता.

सिग्नलला यायला-जायला लागलेल्या वेळावरून टॉवरपासूनचे अंतर काढता येते. जीएसएममध्ये ही मोजपट्टी सुमारे ५५० मीटरच्या टप्प्यांची असते, ४जीमध्ये सुमारे ७८ मीटरच्या. पण अंतर कळले तरी नकाशावर बिंदू उमटत नाही, कमानीसारखी पट्टी उमटते. ‘पिंग’ हा लोकप्रिय शब्दही फसवा आहे. कधी त्याचा अर्थ आपोआप झालेली नोंद असा असतो, तर कधी पोलिसांच्या विनंतीवरून कंपनीने त्या क्षणी घेतलेला ठाव. या दोन्हींच्या अचूकतेत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो आणि चर्चेत दोन्ही एकाच नावाने वावरतात.

फोन ‘बंद केला’ की ‘बंद पडला’ हा या तर्कांमधला आवडता मुद्दा. त्याला तांत्रिक आधार आहे. फोन नीट बंद केला तर तो जाताना नेटवर्कला निरोप देतो. बॅटरी काढून घेतली, फोन पाण्यात पडला किंवा रेंजबाहेर गेला तर असा निरोप जात नाही, आणि ठरावीक मुदतीत फोनने हजेरी लावली नाही की नेटवर्क त्याला गैरहजर धरते. हा फरक कंपनीच्या आतल्या नोंदींत दिसू शकतो. कॉल करणाऱ्याला ऐकू येणाऱ्या ध्वनिमुद्रित वाक्यावरून मात्र तो खात्रीने ओळखता येत नाही, कारण कुठल्या स्थितीत कुठले वाक्य वाजवायचे हे प्रत्येक कंपनी आपापल्या परीने ठरवते. शिवाय चार्जिंग संपत आलेला फोनही शेवटच्या क्षणी स्वतःला रीतसर बंद करतो. ‘कुणीतरी मुद्दाम बंद केला’ हे वाक्य लिहायला सोपे आहे, सिद्ध करायला फार अवघड.

रिंग

८ मार्च २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे एमएच३७० हे विमान २३९ जणांसह नाहीसे झाले. त्यानंतर काही प्रवाशांच्या नातेवाइकांनी सांगितले की फोन लावला तर रिंग ऐकू येते. त्यांच्या दृष्टीने याचा एकच अर्थ होता: फोन चालू आहे, म्हणजे विमान कुठेतरी जमिनीवर आहे. जगभर ही आशा आणि तिच्यासोबत अपहरणाच्या कथा पसरल्या. खुलासा साधा होता. कॉल करणाऱ्याच्या कानात वाजणारी रिंग समोरच्या हँडसेटमधून येत नाही. ती नेटवर्क तयार करते, आणि काही नेटवर्के समोरच्या फोनचा शोध चालू असतानाच ती वाजवू लागतात. म्हणजे रिंग ऐकू येणे हा फोन जिवंत असल्याचा पुरावा नव्हे. पण मुलाच्या फोनची रिंग कानाने ऐकलेल्या बापाला हे कसे सांगायचे, याचे उत्तर कुठल्याही तंत्रज्ञाकडे नव्हते.

व्हॉइसमेलची, म्हणजे फोन उचलला नाही तर आवाजात ठेवलेल्या निरोपांची, गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. इंग्लंडमध्ये मार्च २००२ मध्ये एक शाळकरी मुलगी बेपत्ता झाली. तिची आई तिला पुन्हा पुन्हा फोन लावत होती. मेलबॉक्स भरल्याचे वाक्य आधी ऐकू येत असे. एके दिवशी ते थांबले आणि मुलीचा आवाज असलेला संदेश लागला. तिने मेसेज ऐकले, म्हणजे ती जिवंत आहे, असे आईला वाटले. मुलीचा मृतदेह सप्टेंबरमध्ये मिळाला. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वृत्तपत्रासाठी काम करणाऱ्यांनी तिचा व्हॉइसमेल चोरून ऐकला होता, हे जुलै २०११ मध्ये उघड झाले आणि संतापाच्या लाटेत त्याच महिन्यात ते वृत्तपत्र बंद पडले. मेसेज त्यांनीच पुसले असे आधी छापून आले. डिसेंबर २०११ मध्ये पोलिसांनी सांगितले की ऐकलेले मेसेज ७२ तासांनी आपोआप पुसले जात होते आणि आईला जाणवलेला बदल बहुधा त्यामुळे झाला. व्हॉइसमेलच्या त्या एका खुणेचा अर्थ आधी आईने आशेपोटी लावला, मग पत्रकारांनी. दोन्ही वेळा तो बदलावा लागला.

आजच्या चर्चेत व्हॉइसमेलची जागा टिकांनी घेतली आहे. व्हॉट्सॲपवर एक टिक म्हणजे मेसेज निघाला, दोन टिका म्हणजे पोहोचला. पण ‘पोहोचला’ यात फोनला जोडलेला लॅपटॉपही येतो, आणि तो घरी टेबलावर चालू असू शकतो. हरवलेल्या व्यक्तीच्या खात्यात काही सापडेल म्हणून भाऊ किंवा मैत्रीण शिरते, आणि तीच हालचाल बाहेरून ‘रात्री २ वाजता ऑनलाइन आली होती’ अशी दिसते. वेळेचाही घोळ असतो. कित्येक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेत नोंद ठेवतात. ती स्थानिक वेळ समजून वाचली की घटनाक्रम काही तासांनी सरकतो आणि ज्याच्याकडे भक्कम साक्षीदार आहेत अशा माणसावरही संशय येतो.

जेव्हा नोंद वाचवते, जेव्हा चुकवते

नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेतील ओरेगनच्या डोंगरात एक कुटुंब मोटारीसह बर्फात अडकले. मोबाइल कंपनीच्या दोन अभियंत्यांनी स्वतःहून नोंदी चाळल्या. फोनला क्षणभर रेंज मिळाली होती आणि तेवढ्यात त्यावर एसएमएस उतरले होते. ते कुठल्या टॉवरच्या कुठल्या बाजूने उतरले हे पाहून, आणि त्या बाजूचा सिग्नल कुठल्या रस्त्यापर्यंत पोहोचू शकतो याचा नकाशा काढून त्यांनी शोधाला दिशा दिली. आई आणि दोन मुली ४ डिसेंबरला जिवंत सापडल्या. मदत आणायला पायी निघालेल्या वडिलांचा मृतदेह दोन दिवसांनी मिळाला. त्या अभियंत्यांकडे मूळ नोंद होती आणि भूभागाची जाण होती, म्हणून ते एवढे अचूक सांगू शकले.

मूळ नोंदही चुकू शकते. डेन्मार्कमध्ये २०१९ साली असे आढळले की मोबाइल कंपन्यांचा कच्चा डेटा पोलिसांच्या उपयोगाच्या स्वरूपात आणणारे सॉफ्टवेअर त्यातला काही भाग गाळत होते. काही नोंदींत फोनचे ठिकाणही चुकीचे येत होते. असा डेटा पुरावा म्हणून वापरणे दोन महिने थांबवण्यात आले, २०१२ पासूनची सुमारे १०,७०० प्रकरणे पुन्हा तपासायला घेतली गेली आणि ३० हून अधिक कच्च्या कैद्यांची सुटका झाली.

बाहेरच्या माणसाचे निरीक्षण नेहमीच चुकते असे नाही. अमेरिकेतील मेरीलँडमध्ये १९९९ साली बेपत्ता म्हणून सुरू झालेले आणि पुढे खुनाचे ठरलेले एक प्रकरण २०१४ मध्ये एका पॉडकास्टमुळे गाजले. त्यात रस घेणाऱ्या एका वकील महिलेला जुन्या कागदांत मोबाइल कंपनीच्या फॅक्सचे पहिले पान दिसले. लोकेशनसाठी फक्त केलेले कॉल विश्वसनीय आहेत, आलेले नाहीत, असे त्यावर छापले होते. खटल्यात मात्र आलेल्या कॉलचा आधार घेतला गेला होता. २०१६ मध्ये एका न्यायाधीशाने याच मुद्द्यावर नव्याने खटला चालवण्याचा आदेश दिला, तो पुढे वरच्या न्यायालयात टिकला नाही. तरी हे काम आणि अंदाजबाजी यांत मोठे अंतर आहे. तिने नवी कथा रचली नव्हती, उपलब्ध कागद नीट वाचला होता.

पनामातील २०१४ चे प्रकरण याच्या दुसऱ्या टोकाला आहे. १ एप्रिलला डोंगरवाटेवर गेलेल्या दोन डच तरुणी परतल्या नाहीत. जूनमध्ये त्यांची पाठपिशवी मिळाली आणि तिच्यात दोन्ही फोन व कॅमेरा होता. पहिल्याच दिवशी दुपारपासून ११२ आणि ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकांवर केलेले प्रयत्न फोनमध्ये नोंदलेले होते. रेंज नसल्याने मदत मिळू शकली नाही. ८ एप्रिलच्या पहाटेपूर्वी काळोखात फ्लॅश मारून काढलेली सुमारे ९० छायाचित्रे कॅमेऱ्यात होती, आणि ५०९ क्रमांकाचे छायाचित्र त्यात नव्हते. त्या एका गाळलेल्या क्रमांकावर आजतागायत लिहिले जात आहे. दोन मुली दिवसामागून दिवस फोन चालू करून मदतीची वाट शोधत होत्या, ही नोंदींतली सर्वांत मोठी आणि सर्वांत दुःखद गोष्ट मात्र त्या लिखाणात मागे पडते.

इंग्लंडमधील लँकेशायरमध्ये जानेवारी २०२३ मध्ये नदीकाठच्या बाकावर एका बेपत्ता महिलेचा फोन मिळाला. ती कामाच्या ज्या ऑनलाइन बैठकीत होती, ती त्यावर अजून जोडलेली होती. फोन तिथे ‘ठेवला गेला’, ही दिशाभूल आहे, असा तर्क काही दिवसांत लाखोंपर्यंत पोहोचला. चित्रीकरण करायला लोक गावात आले आणि त्यांना हटवण्यासाठी पोलिसांना अधिकार वापरावे लागले. १९ फेब्रुवारीला त्याच नदीत तिचा मृतदेह मिळाला; मृत्यू अपघाती बुडण्याने झाला असा निष्कर्ष चौकशीत निघाला. कॉलेज ऑफ पोलिसिंग या संस्थेच्या आढाव्याने पोलिसांनाही दोष दिला: त्यांनी पत्रकारांना पुरेशी पार्श्वभूमी न दिल्याने पोकळी निर्माण झाली आणि ती तर्कांनी भरली, शिवाय त्या महिलेची खासगी माहिती उघड करणे टाळता आले असते.

पोलिसांच्या मौनामागे बऱ्याचदा कारण असते. काही तपशील राखून ठेवले तरच खोटी कबुली आणि खोटी माहिती ओळखता येते. कॉलच्या यादीत असंख्य इतरांचे क्रमांक असतात. शिवाय या नोंदी मागण्यालाही कायद्याची चौकट आहे: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात टॉवरच्या जुन्या नोंदींसाठी सामान्यतः वॉरंट लागते असे ठरवले. त्या खटल्यात १२७ दिवसांत एका माणसाच्या ठावठिकाण्याच्या १२,८९८ नोंदी मिळवण्यात आल्या होत्या. जिवाला धोका असेल तिथे तातडीची सवलत असते.

अनोळखी मदतीचा फटका

बेपत्ता व्यक्तीचा क्रमांक जाहीर केला की शेकडो लोक तो लावून बघतात. फोन चालू असेल तर प्रत्येक रिंग बॅटरी खाते, आणि अडकलेल्या माणसाकडे तेवढीच एक गोष्ट मोलाची उरलेली असते. खात्यात शिरण्याच्या अनोळखी प्रयत्नांनी खाते कुलूपबंद होते. शेवटचा कॉल ज्याला झाला त्याचे नाव काही तासांत जगभर फिरते, मग तो कॉल दुधाच्या हिशेबाचा का असेना. नातेवाइकांना खंडणीचे आणि ‘मी पाहिले’ असे सांगणारे फोन येतात, आणि त्यातला प्रत्येक त्यांना घ्यावाच लागतो.

महिने उलटले की आणखी एक प्रश्न उभा राहतो. वापरात नसलेला क्रमांक कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते. अमेरिकेत ही मुदत किमान ४५ दिवसांची आहे. मग त्या नावापुढे एक दिवस अनोळखी चेहऱ्याचा फोटो येतो, कुठलेसे ॲप ती व्यक्ती नव्याने दाखल झाल्याचे कळवते, आणि ‘ती जिवंत आहे’ म्हणत चर्चा पुन्हा पेटते. हे टाळण्यासाठी काही घरांत त्या क्रमांकाचे पैसे दर महिन्याला भरले जातात, वर्षानुवर्षे.