पेडल कयाक घेतली की वल्ह्याची गरज संपते?

मासेमारीसाठी पेडलची कयाक, म्हणजे पायांनी चालवायची अरुंद, छोटी होडी, केव्हाही सरस आणि ती असल्यावर वल्हे लागतच नाही, असा समज बरीच वर्षे फिरत आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. पाय हातांपेक्षा दमदार असतात आणि हात गळासाठी मोकळे राहतात, त्यामुळे खोल, मोकळ्या पाण्यात, विशेषतः वाऱ्यात एका जागी टिकून राहायचे असेल तर पेडल खरोखर उपयोगी पडते.

मात्र पेडलचा पंखा किंवा पाती कयाकच्या तळाखाली उतरलेली असतात. उथळ पाण्यात ती दगडाला घासतात आणि पाणवनस्पतींत गवत दांड्याभोवती गुंडाळले जाऊन फिरणेच थांबते. अशा वेळी यंत्रणा वर उचलून वल्हेच हाती घ्यावे लागते, म्हणून ते सोबत हवेच. शिवाय या यंत्रणेने वजन आणि देखभाल दोन्ही वाढतात.

पडताळणी सोपी आहे. कयाकच्या तळापासून पात्याच्या खालच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे, त्यात कयाक भारासह जितकी बुडते ती खोली मिळवावी, वल्ह्याच्या टोकापासून तेवढ्या अंतरावर खूण करावी आणि आपण जिथे गळ टाकतो तिथे ते पाण्यात उभे धरून पाहावे. खूण बुडण्याआधीच वल्हे बहुतेक ठिकाणी पाण्याच्या तळाला टेकत असेल, तर साधी वल्ह्याची कयाकच घ्यावी.