फेलिक्सस्टोच्या टेहळणी नौका : पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात उत्तर समुद्रावर पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या ब्रिटिश उडत्या नौकांचा, म्हणजे होडीसारखं बूड असलेल्या आणि पाण्यावरून उडणाऱ्या विमानांचा, विषय निघाला की बोलणं इंजिनांवर आणि पंखांवर जातं. माझ्या मते त्यांची खरी लढाई बुडाशी, म्हणजे नौकेच्या तळाशी झाली.

अमेरिकेत विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिस यांना १९१२ मध्येच ही अडचण आली होती. वेग कितीही वाढवला तरी पाणी गुळगुळीत तळाला चिकटून राही आणि यंत्र वर उठेना. मग तळाला आडवी पायरी दिली. पायरीपाशी पाण्याचा प्रवाह तुटतो, मागच्या भागाखाली हवा शिरते आणि नौका पुढच्या तळावर घसरत वेग घेते.

ब्रिटिश नौदलातले जॉन सिरिल पोर्ट क्षयामुळे १९११ मध्ये सेवेतून बाहेर पडले होते. १९१४ मध्ये कर्टिस यांच्या 'अमेरिका' नौकेतून अटलांटिक ओलांडायची त्यांची तयारी चालली होती, तेवढ्यात ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. पोर्ट मायदेशी येऊन पुन्हा नौदलात रुजू झाले आणि त्यांच्याच आग्रहावरून कर्टिसच्या नौका विकत घेतल्या गेल्या. पण खवळलेल्या समुद्रात त्यांची बुडं तग धरेनात.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फेलिक्सस्टो इथल्या नौदलाच्या ठाण्यावर पोर्ट यांनी एकामागून एक बुडं करून पाहिली. अखेर विमानाच्या सांगाड्यासारखी चौकोनी चौकट आणि तिच्याखाली तिरक्या फळ्यांचा दुहेरी, पायऱ्यांचा तळ अशी रचना जमली. चौकट सरळसोट असल्यामुळे होड्या बांधायचा अनुभव नसलेले कारखानेही ती उभारू शकले. हे मला पायरीइतकंच मोलाचं वाटतं. हे बूड कर्टिसच्या 'एच-१२'च्या पंखांना जोडलं आणि 'एफ.२ए' तयार झाली : रोल्स-रॉइसची दोन 'ईगल' इंजिनं, सुमारे २९ मीटरचे पंख, चौघांचा ताफा.

एप्रिल १९१७ पासून उत्तर समुद्रातल्या नॉर्थ हिंडर दीपनौकेभोवती (दीपस्तंभाचं काम करणाऱ्या, नांगरलेल्या जहाजाभोवती) 'कोळ्याचं जाळं' नावाची गस्त सुरू झाली. ३० मैलांच्या आठ रेषा, सुमारे ४,००० चौरस मैल पाणी. पृष्ठभागावरून जाणाऱ्या पाणबुडीला ते ओलांडायला दहाएक तास लागत. आधी 'एच-१२' आणि नंतर 'एफ.२ए' अशा नौकांनी ही गस्त घातली.

पोर्ट ऑक्टोबर १९१९ मध्ये, अवघ्या ३५ व्या वर्षी, क्षयानंच गेले. त्यांची 'एफ.५' ही नंतरची उडती नौका मात्र ब्रिटिश हवाई दलात १९२५ पर्यंत टिकली. नंतर तिची जागा सुपरमरीनच्या 'साउदॅम्प्टन'नं घेतली.