औष्णिक वीज केंद्रांतील गोड्या पाण्याची बचत

औष्णिक वीज केंद्रात नदी-धरणांतून उचलले जाणारे गोडे पाणी कमी करण्याच्या उपायांना मिळून हे नाव देता येईल. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालला आणि युनिटमागे साडेतीन लिटर पाणी लागले, तर दिवसाला ४ कोटी २० लाख लिटर पाणी खर्च होते. माणशी १३५ लिटर धरले, तर तीन लाख वस्तीच्या शहराला ते पुरेल. पाणी आटले की कोळसा असूनही केंद्र बंद पडते. मराठवाड्याने हे परळीत पाहिले: गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही, म्हणून २०१३ आणि २०१५ मध्ये तेथील संच थांबवावे लागले.

पाण्याचा मोठा खर्च वाफ करण्यात होतो असे अनेकांना वाटते. पण बॉयलरमधले पाणी जवळजवळ तेच ते फिरत राहते. खरा खर्च होतो तो टरबाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेला थंड करून पुन्हा पाणी करताना. ही वाफ जिथे थंड होते त्या कंडेन्सरमध्ये तापलेले पाणी कूलिंग टॉवरमध्ये वरून खाली पडते, त्यातले थोडे हवेत उडून जाते आणि उरलेल्यात क्षार साचत जातात. नळ्यांवर थर धरू नये म्हणून हे खारट पाणी अधूनमधून बाहेर सोडतात. त्याला ब्लोडाउन म्हणतात. नव्याने भरल्या जाणाऱ्या पाण्याच्या तुलनेत क्षार दुप्पट होताच पाणी सोडले, तर जितके उडते तितकेच फेकले जाते. पाचपट होईपर्यंत वापरले, तर उडणाऱ्या पाण्याच्या फक्त चौथा हिस्सा. टॉवरला हातही न लावता, केवळ रसायने आणि तपासणी नीट ठेवून होणारी ही बचत आहे. राखेचेही तसेच: पाण्यात कालवून राख साठवणीच्या बंधाऱ्यात सोडण्याऐवजी ती कोरडीच उचलून सिमेंट कारखान्यांना दिली, तर वाहून नेण्याचे पाणी वाचते.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना युनिटमागे ३.५ लिटरची मर्यादा घातली. नव्यांसाठी ती आधी २.५ होती, २०१८ मध्ये सैल करून ३ करण्यात आली. २०१६ च्या वीजदर धोरणाने आणखी एक अट घातली: ५० किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल, तर औष्णिक केंद्राने तेच पाणी वापरावे.

नागपूर त्याआधीच या वाटेला लागले होते. शहर आणि कोराडी-खापरखेडा ही वीज केंद्रे दोघांनाही पेंच धरणाचेच पाणी. उन्हाळ्यात ताण ठरलेला. महानगरपालिका आणि महानिर्मिती (राज्याची वीजनिर्मिती कंपनी) यांच्यातील करारानुसार शहरातील भांडेवाडीत रोज १३ कोटी लिटर क्षमतेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभे राहिले आणि शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीला जाऊ लागले. पेंचवरचा भार तेवढा हलका झाला. मात्र या पाण्यातला अमोनिया पितळी नळ्यांना खातो आणि फॉस्फेटचा थर जमतो, म्हणून प्रक्रियेचा दर्जा घसरला की झळ कंडेन्सरला बसते. दुसरे असे की, टॉवरमधून उडालेले पाणी शहरातून वाहणाऱ्या नाग नदीत परत येत नाही. तरीही, नाग नदीतून कन्हान नदीमार्गे गोसीखुर्द धरणापर्यंत जाणारी घाण तितकी कमी होते, हा फायदा पाणीबचतीइतकाच मोलाचा मानावा लागेल.

किनाऱ्यावर हा प्रश्नच वेगळा. ट्रॉम्बे व डहाणूची औष्णिक केंद्रे आणि तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प शीतकरणाला खारे पाणी घेतात. अमेरिकेतील समुद्र नसलेल्या अॅरिझोना राज्यात पालो व्हर्दे अणुवीज केंद्र फिनिक्स परिसराच्या सांडपाण्यावर चालते. पाण्याऐवजी हवेने वाफ थंड करण्याची पद्धत दक्षिण आफ्रिकेतील माटिंबा येथे जुनी आहे. भारतात झारखंडच्या नॉर्थ करणपुरा केंद्रात ती आली. पाणी फार थोडे लागते, पण बांधणीचा खर्च वाढतो आणि हवा जितकी तापलेली तितकी वाफ नीट थंड होत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात, जेव्हा विजेची मागणी सर्वाधिक, नेमकी तेव्हाच अशा संचाची वीज घटते.