कॉफी आणि केस : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सांगलीत बिया भाजून, दळून, गिऱ्हाइकाच्या समोर चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळाची पूड) मिसळून देणाऱ्या आमच्या दुकानात काउंटरवर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "कॉफीनं केस गळतात का हो?" आणि दुसरा, बरोबर उलटा, "कॉफीनं केस वाढतात म्हणे, कुठली घेऊ?" दोन्हींचे उत्तर एकच: कॉफी प्यायल्याने केस वाढत नाहीत आणि माफक कॉफीने ते गळतही नाहीत. मात्र कॉफी कधी प्यायची याचा केसांशी आडवळणाने संबंध येतो. तो लोहाचा आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या बायकांना तो नीट कळावा म्हणूनच हे पत्रक काढले आहे.

केस वाढतात कसे

डोक्यावर साधारण एक लाख केसांची मुळे असतात. प्रत्येक मूळ स्वतःच्या वेळापत्रकाने चालते. 2 ते 6 वर्षे केस वाढत राहतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, त्यानंतर तो सुमारे तीन महिने नुसता अडकून बसतो आणि शेवटी गळतो. त्याच मुळातून पुन्हा नवा येतो. वाढीचा वेग महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. रोज 50 ते 100 केस गळणे हा हिशेबातलाच खर्च आहे. वेणी घालणाऱ्या बाईने दोन दिवसांनी न्हायले की गळलेला पुंजका मोठा दिसतो, कारण तो दोन दिवसांचा असतो.

यातले तीन महिने लक्षात ठेवा. मोठा ताप, टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, ऑपरेशन किंवा झटपट वजन उतरवणारा उपास यांमुळे बरेच केस एकदम वाढ थांबवतात. पण गळतात ते दोन-तीन महिन्यांनी. आपल्याकडे तापाची साथ श्रावण-भाद्रपदात असते आणि केसांचे पुंजके दिसू लागतात दिवाळीच्या सुमारास. नेमकी तेव्हा थंडी सुरू होते, घरात कॉफी वाढते आणि आळ कॉफीवर येतो. अशा गळतीत मूळ मेलेले नसते. बहुतेकांची गळती सहा महिन्यांच्या आत थांबते आणि केस परत येतात. त्या काळात कॉफी सोडली तरी केस येतात, धरली तरी येतात.

"कॉफी उष्ण, म्हणून केस जातात" हेही बरेच ऐकू येते. चहा प्यायल्याने माणूस काळा होतो, त्याच घराण्यातली ही समजूत. कॉफी लागली की ज्यांना आम्लपित्त होते त्यांनी ती कमी करावी हे बरोबर, पण त्याचा केसांच्या मुळाशी संबंध नाही. केस अकाली पांढरे होण्याचे खापरही कॉफीवर फोडू नये.

कॅफीनचा बोलबाला कुठून आला

हे अगदीच हवेतले नाही. 2007 साली जर्मनीतल्या येना विद्यापीठातल्या संशोधकांनी टक्कल पडत असलेल्या पुरुषांच्या डोक्यावरची केसांची मुळे काढून प्रयोगशाळेत वाढवली. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घातल्यावर वाढ मंदावली. त्यातच 0.001 ते 0.005 टक्के कॅफीन घातल्यावर ती मंदी बरीच भरून निघाली. पण ही मुळे काचेच्या भांड्यात होती आणि कॅफीन थेट त्यांच्या अंगावर होते.

आता हा आकडा कपात मोजून बघा. 0.001 टक्के म्हणजे लिटरला 10 मिलिग्रॅम. 100 मिलिग्रॅम कॅफीनचा एक कप प्यायल्यावर रक्तात लिटरला दीड-दोन मिलिग्रॅमच चढते, तेही तास-दोन तासांपुरते. म्हणजे प्रयोगातल्या सगळ्यात खालच्या पातळीला पोचायलाही पाच-सहा कप एका बैठकीत रिचवावे लागतील. तोवर हात कापायला लागतील आणि छाती धडधडेल. वरची पातळी लिटरला 50 मिलिग्रॅम, आणि रक्तात इतके कॅफीन विषबाधा झालेल्या माणसातच सापडते. पिऊन केस वाढवण्याचा विचार इथेच सोडून द्यावा.

डोक्याला लावण्याची गोष्ट वेगळी आहे. भारतात 210 पुरुषांवर सहा महिने केलेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 0.2 टक्के कॅफीनचे द्रावण 5 टक्के मिनॉक्सिडिलपेक्षा (टकलावर डोक्याला लावायचे नेहमीचे औषध) कमी ठरले नाही. मात्र कोणाला काय लावले हे दोन्ही बाजूंना माहीत होते आणि नुसते पाणी लावणारा तिसरा गट नव्हता. म्हणून आम्ही याला पक्का पुरावा म्हणत नाही. दुसऱ्या बाजूला, एक कॅफीन शाम्पू केसगळती कमी करतो हा जाहिरातीतला दावा ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने 2018 मध्ये पुराव्याअभावी अमान्य केला. शाम्पू डोक्यावर दोन मिनिटे राहतो, द्रावण दिवसभर राहते, हा फरकही ध्यानात घ्या.

खरा मुद्दा : लोह

केसांच्या मुळातल्या पेशी फार वेगाने वाढतात आणि त्यांना लोह लागते. लोहाचा साठा कमी असला की विशेषतः बायकांचे केस एकसारखे विरळ होऊ शकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे आमच्या काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या बाईला हा परिच्छेद लागू असण्याचा संभव आहे.

कॉफीतली पॉलिफेनॉल नावाची द्रव्ये पोटात अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात शिरू देत नाहीत. हे काम कॅफीनचे नाही, त्यामुळे कॅफीन काढलेली कॉफी घेतली तरी सुटका नाही. चहा तर यात कॉफीच्या पुढे आहे. 1983 सालच्या एका अभ्यासात जेवणाबरोबरच्या एका कप कॉफीने लोहाचे शोषण 39 टक्क्यांनी आणि चहाने 64 टक्क्यांनी घटले. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीनेही शोषण तितकेच घटले. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने मात्र काहीच बिघडले नाही.

फटका बसतो तो मुख्यतः भाकरी, डाळ, मेथी, मटकी, बेदाणा यांतल्या लोहाला. मांसातले लोह त्या मानाने शाबूत राहते. म्हणजे ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी असे चांगले जेवण करून, हात धुऊन लगेच कॉफी घेणाऱ्या शाकाहारी बाईचे सगळ्यात जास्त नुकसान. दुपारच्या जेवणावर कॉफीची सवय आपल्याकडे पाहुणचारात मुरलेली आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहारसूत्रांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे. आम्ही जेवणानंतर दोन तास सांगतो, कारण वरच्या अभ्यासात एक तास पुरला नव्हता. बसवायला सोपा क्रम असा: सकाळी उठल्यावर कॉफी, तासाने न्याहारी, दुपारी दीडला जेवण, साडेतीन-चारला कॉफी. जेवणात अर्धे लिंबू पिळा. त्यातले क जीवनसत्त्व लोहाच्या बाजूने काम करते. पाहुण्याला जेवणावर कॉफी द्यायचीच असेल तर द्या, एका दिवसाने कोणी टकला होत नाही. बिघडवते ती रोजची सवय.

गोळ्या घेणाऱ्यांनी जास्त जपावे. लोहाची गोळी कॉफीबरोबर, चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेतली की पैसे निम्मे वाया. ती लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि कॉफी दोन तासांनी. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी साध्या पाण्याबरोबर, आणि कॉफी त्यानंतर किमान अर्ध्या, जमल्यास एका तासाने. थायरॉइड बिघडले तरी केस गळतात. गोळीवर लगेच कॉफी प्यायल्याने गोळी पुरी लागू पडत नाही, डोस वाढत जातो आणि केस गळतच राहतात. कॉफीने केस गेल्याचा भास व्हायला ही एक चांगली जागा आहे.

एका कपात कॅफीन किती

राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा सांगते. तिच्याच हिशेबाने 150 मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत 80 ते 120, इन्स्टंटमध्ये 50 ते 65 आणि चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन असते. चहाही या 300 मध्येच मोजायचा. गरोदरपणात कॅफीन शरीरात जास्त वेळ टिकते, तेव्हा 200 च्या आत राहा आणि डॉक्टरांना विचारा.

आमच्या पुडीचा हिशेब वेगळा मांडतो. कॉफीच्या बियांचे मुख्य प्रकार दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकात कॅफीन साधारण 1.2 टक्के, रोबस्टात 2.2 टक्के, चिकोरीत शून्य. निम्मी अरेबिका, निम्मी रोबस्टा घेऊन केलेल्या 70:30 मिश्रणाची (70 टक्के कॉफी, 30 टक्के चिकोरी) 20 ग्रॅम पूड फिल्टरमध्ये घातली की त्यात कॉफी 14 ग्रॅम, कॅफीन सुमारे 240 मिलिग्रॅम. त्यातले 200 च्या आसपास डिकॉक्शनमध्ये, म्हणजे फिल्टरमधून गळलेल्या दाट अर्कात उतरते. त्याचे तीन कप केले तर कपाला 65 ते 70. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून काढलेल्या डिकॉक्शनमध्ये रंग बरा असतो, कॅफीन थोडेच. पूर्ण दुधात चमचाभर इन्स्टंट आणि जायफळ घालून उकळलेली घरगुती कॉफी तर याहून सौम्य.

काळी कुळकुळीत आणि कडू म्हणजे कडक, असे समजू नका. रंग आणि कडूपणा चिकोरीतून आणि जास्त भाजण्यातूनही येतो. नियमाने मिश्रणात चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत चालते आणि तिचे प्रमाण पाकिटावर लिहावेच लागते. ते वाचा.

अभ्यासिकेत बसणारी मुले रात्री नऊला मोठा मग घेतात आणि केस गळतात म्हणून तक्रार करतात. कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे नऊचे 100 मिलिग्रॅम रात्री दोनला 50 उरते. झोप जाते, सकाळची न्याहारी बुडते आणि तिची जागा पुन्हा कॉफी घेते. केस प्रथिनांचे बनतात. 60 किलो वजनाला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिने लागतात आणि दोन अंड्यांत 12 ग्रॅमच मिळतात, तर कॉफी-बिस्किटात काय मिळणार? याच वयात मुलग्यांचे आनुवंशिक टक्कलही सुरू होते: कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतात, भोवऱ्याजवळ पातळ होते. त्याला कॉफी कारण नाही आणि उपायही नाही. लवकर डॉक्टरांकडे गेलेला फायद्यात राहतो.

डोक्याला कॉफी लावायचीच असेल तर

आम्ही आग्रह करत नाही, पण विचारतात म्हणून सांगतो. चिकोरी नसलेली पूड घ्या. चिकोरीतल्या साखरेने केस चिकट होतात आणि दूध-साखर घातलेले तयार मिश्रण तर डोक्याला लावायची वस्तूच नव्हे. 10 ग्रॅम पूड 100 मिलिलिटर गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवा, सुती फडक्यातून दोनदा गाळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 24 तास बघा; खाज किंवा लाली आली तर थांबा. न्हाल्यावर ओल्या केसांच्या मुळाशी लावा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. आठवड्यातून एकदा पुरे. उरलेले ओतून द्या, दुसऱ्या दिवशी ते आंबते.

यात कॅफीन हिशेबाने 0.15 टक्क्याच्या आसपास येते, चाचणीतल्या द्रावणाच्या जवळ. पण ते द्रावण धुवायचे नव्हते आणि कातडीत शिरावे असे बनवलेले होते. तुमचे पाणी दहा मिनिटांत मोरीत जाते. केस जरा चमकतात, पांढऱ्या केसांवर तपकिरी छटा येते आणि ती पुढच्या शाम्पूत जाते. टॉवेल जुना वापरा.

गाळून उरलेला चोथा डोक्यावर चोळू नका. कण खरखरीत असतात, डोक्याची कातडी ओरखडते आणि फोड, कोंडा असेल तर चिघळते. लांब केसांत कण अडकतात, विंचरताना केस तुटतात आणि ते तुटलेलेच "गळले" म्हणून मोजले जातात. शिवाय मोरीची जाळी तुंबते. तो चोथा कुंडीत, मातीत मिसळून टाका. जत, आटपाडीकडच्या बोअरच्या जड पाण्यानेही केस राठ होऊन तुटतात. तुटलेला केस ओळखायला सोपा: तो आखूड असतो आणि टोकाला पांढरा बारीक गोळा नसतो.

दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे जाण्याची वेळ

गोल चट्ट्यात केस गेले, डोक्यात पू किंवा दुखणे आहे, भांग महिन्यामहिन्याला रुंद होतोय, पाळीत रक्तस्राव जास्त आहे, किंवा सहा महिने झाले तरी गळती थांबत नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. मिरज काही लांब नाही. हिमोग्लोबिनबरोबर फेरीटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि थायरॉइडची तपासणी करावी का ते विचारा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा, त्यांनी थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो.

औषध नियमांच्या "शेड्यूल जे" यादीत टक्कल आणि नवे केस उगवणे या दोन्ही गोष्टी आहेत. त्या बऱ्या करण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही. मग कॉफीच्या पाकिटाला कसा करता येईल? आमच्या पाकिटावर बियांचा प्रकार, चिकोरीचे प्रमाण आणि दळल्याची तारीख एवढेच मिळेल. केसांसाठी लावायला पूड हवी असेल तर काउंटरवर "बिनचिकोरी, बारीक दळण, 50 ग्रॅम" असे सांगा. त्याहून जास्त घेऊ नका, दळलेल्या कॉफीचा वास महिनाभरात उडून जातो.