चार हजारावरचा खड्डा

इचलकरंजीत साध्या यंत्रमागावर पंचवीस वर्षं काढलेले आमचे शेजारी सांगतात, "कानाला सवय झाली, आता खडखडाट जाणवत नाही." कानाला सवय होत नसते हो! जाणवत नाही, कारण ऐकणाऱ्या पेशीच गेल्यात. अशा, आडवा दोरा धोट्याने नेणाऱ्या मागांच्या शेडमध्ये आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. नियमाप्रमाणे ९० डेसिबलमध्ये आठ तास चालतात, १०० मध्ये फक्त दोन.

त्यांच्या ऑडिओमेट्रीला, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीला, मी सोबत गेलो. तिच्या आलेखात हर्ट्झ म्हणजे स्वराची उंची, आणि रेघ जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. आलेखावर दोन्ही कानांची रेघ २००० हर्ट्झपर्यंत बरी होती, ४००० ला धाडकन खाली गेली आणि ८००० ला पुन्हा थोडी वर आली. गोंगाटाने आलेल्या बहिरेपणाच्या निदानाची मोठी खूण हा खड्डाच. वयाच्या बहिरेपणात रेघ शेवटपर्यंत उतरतच जाते.

पण खड्डा ४००० लाच का? माग तर सगळ्याच पट्ट्यांत आवाज करतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची, आतून पडद्याने बंद. अशा नळीत तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा स्वर घुमतो. चौपट म्हणजे दहा सेंटिमीटर; ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर ३४०० हर्ट्झ. प्रत्यक्ष कानात हा आकडा ३००० च्या आसपास येतो. म्हणजे गोंगाटातला नेमका हाच पट्टा दहा-पंधरा डेसिबलने वाढून आत शिरतो. पुढे आतल्या कानातल्या शंखासारख्या कॉक्लियात, आवाज फार मोठा असला की तरंगाचा माथा सुमारे अर्धं सप्तक वरच्या स्वरांच्या जागेकडे सरकतो. ३००० च्या वर अर्धं सप्तक म्हणजे सव्वाचार हजाराच्या आसपास! तिथल्या केशपेशी, म्हणजे ऐकणाऱ्या पेशी, मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कानात घातलेलं लसणीचं कोमट तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं, या पेशींपर्यंत पोचत नाही. ते घालणं थांबवा.

कामाची पाळी सुटल्या सुटल्या चाचणी करू नये. थकलेला कान तात्पुरता बधिर असतो, म्हणून किमान चौदा तास शांततेत जाऊ द्यावेत. कानामागच्या हाडावर कंपक ठेवूनही तोच खड्डा आला, तर दोष मळाचा किंवा पडद्याचा नाही, आतल्या कानाचा.

घरी वहिनी "साठ" म्हणाल्या की यांना "आठ" ऐकू येतं. 'स'चा सूर वरच्या पट्टीतला, तो गळतो, म्हणून नुसतं ओरडून भागत नाही. गोंगाटाचा हा बहिरेपणा २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवायच्या आजारांच्या यादीत होता आणि निदान करणाऱ्या डॉक्टरने तो मुख्य कारखाना निरीक्षकांकडे कळवायचा असे. शेजाऱ्यांना आयुष्यातली पहिली ऑडिओमेट्री मिळाली ती माग सोडल्यावर.