टोकन दिलं म्हणजे वास्तुशांत झाली नाही: ऑप्शन आणि ग्रीनलाइट

परवा आतेभावाचा मेसेज, "दादा, तुझ्या रामाचं फायनल झालं, पिक्चर येतोय!!!" आणि खाली लिंक. उघडली तर बातमी २०२१ च्या डिसेंबरातली, डिरेक्टर डेनी विलनव आर्थर क्लार्कच्या 'राँदेव्हू विथ रामा' या विज्ञान कादंबरीवर पिक्चर करणार अशी. (आईनं ऐकलं, म्हणे बरं झालं, सगळे मिळून रामायणाला जाऊ. तिला सांगितलं की अगं हे सिलिंडरसारखं परकं यान आहे, ग्रीक-रोमन देवांची नावं वापरून संपली म्हणून त्याला राम म्हणतात. तिचं तोंड बघण्यासारखं झालं.) कादंबरी १९७३ ची, हॉलिवूडचा नट मॉर्गन फ्रीमन कित्येक वर्षं पिक्चर काढायचा म्हणतोय, अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या माझ्या प्रतीची पानं सुटायला आली आणि 'येतोय' हे मी किमान चारदा ऐकलं.

'पुस्तकावर पिक्चर काढायचे हक्क घेतले' आणि 'पिक्चर मंजूर झाला' यात लोक कायम घोळ घालतात. दुसरं सगळ्यांना माहितीये, ग्रीनलाइट म्हणजे स्टुडिओनं बजेट पास केलं, तारखा धरल्या, आता सेट लागणार.

खरी गोची पहिल्यात आहे. बातमीत 'हक्क विकले' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते विकलेले नसतातच, ऑप्शनवर दिलेले असतात. पुण्यात हे टोकनवरून पटकन कळेल. दोन वर्षांपूर्वी मी बाणेरला फ्लॅट बघितला, टोकनचा चेक दिला, घरी पेढे आले, ताईनं पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला आणि मग लोनचं गणित काही बसेना. टोकन गेलं, फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी घेतला. ऑप्शन तसंच. धरून चला, लेखकाशी किंमत ठरली १०० रुपये. निर्माता त्यातले समजा १० आधी देतो आणि म्हणतो, पुढचं वर्ष-दीड वर्ष हे पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. तेवढ्यात तो स्क्रिप्ट लिहून घेतो, डिरेक्टर शोधतो, पैसेवाल्यांचे उंबरे झिजवतो. जमलं तर उरलेले ९० देऊन हक्क खरंच विकत घेतो, तेही बऱ्याचदा शूटिंगच्या तोंडावर. नाही जमलं तर अजून थोडे टाकून मुदत वाढवायची, नाहीतर सोडून द्यायचं, दिलेले पैसे लेखकाचे. मग तेच पुस्तक दुसरा निर्माता धरतो. परत बातमी, परत पेढे.

'डिरेक्टर अटॅच्ड', म्हणजे पिक्चरला डिरेक्टरचं नाव जोडलंय, या शब्दाचा तर मला भयंकर राग येतो. अटॅच्ड म्हणजे साखरपुडासुद्धा नाही हो, फक्त पत्रिका मागवलीये. रामाच्या त्या बातमीनंतर याच विलनवनं 'ड्यून' या त्याच्या सायन्स फिक्शन पिक्चरचा दुसरा भाग केला, तो २०२४ ला आला, २०२५ मध्ये जेम्स बाँडसाठी त्याचं नाव जाहीर झालं. राम आपला वनवासातच.

आणि ड्यूनचं बघा. २०२१ च्या ऑक्टोबरात पहिला भाग लागला, कोविडनंतर आपल्याकडची थिएटरं नुकतीच उघडलेली, पडद्यावर चक्क 'भाग एक' असं आलं, आणि तेव्हा दुसरा भाग मंजूरच नव्हता! अमेरिकेत रिलीज झाल्यावर चारेक दिवसांनी मंजुरी मिळाली. मी मात्र इंटरव्हलमध्ये पॉपकॉर्नच्या लाइनीत मित्राला ठामपणे सांगत होतो की दुसऱ्याचं शूटिंग कधीच उरकलंय. म्हणजे मीही त्यातलाच.

सगळं सुरळीत झालं तरी वेळ किती लागतो? अँडी वीअरच्या 'प्रोजेक्ट हेल मेरी' या कादंबरीच्या हक्कांची बातमी २०२० ची, पुस्तक छापून यायच्याही आधीची, हीरो तेव्हाच ठरलेला. शूटिंग २०२४ ला, रिलीज २०२६ च्या मार्चची. आणि हे फास्ट धरायचं बरं का.

आतेभावाला सांगून ठेवलंय, 'घेतले', 'डेव्हलप करतायत', 'चर्चा सुरूये' असलं काही पाठवू नकोस, कुठल्या गावात कॅमेरा लागला ते लिहिलेलं असेल तर रात्री दोनला फोन कर. मग सकाळी उठून पुस्तक बाइंडिंगला टाकतो.